मागच्या बाकावरचा हात

४ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अ. आ.

बातमी आधीच लिहिते, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील. समितीने मला निवडलं. येत्या हिवाळी सभेत थोरल्यांचं चरित्र मी सांगायचं. आपल्या घरातलं कुणी त्या खुर्चीत बसण्याची ही पहिलीच वेळ. मागच्या बाकापासून पुढच्या खुर्चीपर्यंत तू लहानपणी एका दमात धावायचीस. आपल्या घराला तेवढं अंतर कापायला चार पिढ्या लागल्या.

अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, स्वतः दुकानात आले. खोकल्याचं औषध मागितलं आणि बाटली पिशवीत ठेवता ठेवता सांगून टाकलं. म्हणाले, आवाज, पाठांतर आणि दम, तिन्ही बाबतींत दुसरं नाव पुढे आलं नाही. मग असंही म्हणाले की हातवाल्यांना, म्हणजे आपल्या घराला, खुर्ची द्यायची म्हटल्यावर एक-दोघांनी नाक मुरडलं, पण ते त्यांनी पाहून घेतलं. मी आभार मानले आणि औषध जेवणानंतर घ्यायला सांगितलं.

तुझ्या बाबाला सांगितलं तेव्हा तो बस चालवताना आरशात बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. बरं झालं, एवढंच म्हणाला. नंतर बघते तर अंगणात बसून बूट पॉलिश करत होता. सभेला अजून चार महिने आहेत. निवृत्तीनंतर त्याने त्या बुटांना हात लावला नव्हता. त्याचा आनंद त्याच्या तोंडाला कधी कळत नाही, हे तुला माहीत आहेच.

तुझ्या प्रबंधाच्या गाइडबाईंसाठी तू सभेचे नियम लिहून मागितलेस. तर लिहून घे. थोरले म्हणजे आपल्या पंथाचे मूळ पुरुष, त्यांचं चरित्र तोंडपाठ सांगायचं. सांगणाऱ्याचा शब्द चुकला असं ज्याला वाटेल त्याने समोरच्या फळीवर तळहात टेकवायचा, आवाज होईल असा. हात पडला की सांगणाऱ्याने मागे जाऊन ते वाक्य पुन्हा म्हणायचं, आणि सगळे हात उठेपर्यंत पुढे जायचं नाही. एकाच जागी तिसऱ्यांदाही हात तसेच राहिले तर त्याने खुर्ची सोडायची, कायमची. आणि हात ठेवणाऱ्याने बरोबर शब्द कोणता ते सांगायचं नाही, सभेत नाही आणि बाहेरही नाही. चूक दाखवायची, शब्द सांगणाऱ्याने स्वतः शोधायचा. नाहीतर प्रत्येक बाकावर एक सांगणारा बसला असता.

आपल्या घराचा मान तुला माहीत आहे. दाराच्या प्रसंगात ‘आतून दिवा आला’ हे शब्द आले की मागच्या बाकावरून आपला एक हात पडतो. सांगणारा एक श्वास थांबतो आणि पुढे जातो. मी खुर्चीत बसल्यावर तो हात तुझ्या बाबाचा. तो सराव करत नाही म्हणतो, पण परवा जेवणाच्या टेबलावर आवाज आला.

खात जा. गाइडबाईंना नमस्कार. तुझं प्रेम आहे तेवढंच राहू दे, वाढवलंस तर मला सवय नाही.

तुझी
आत्या


१९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्याने वाचलं, आणि हो, शेवट आधी वाचला. नंतर खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. माझी आत्या सांगणारी झाली याचा अर्थ तिला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर तिने उठून माझ्याशी हात मिळवला, जणू मीच निवडून आले.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

तुला माहीत आहे, माझा विषय असा आहे की माणसांचा गट एकत्र काय आठवतो आणि कसं. गाइडबाईंचं म्हणणं असं की गट भूतकाळ साठवून ठेवत नाही. आज त्याला जसं असायचं असतं, तसा तो भूतकाळ पुन्हा पुन्हा घडवतो. त्यामुळे धर्मग्रंथ हा त्यातल्या घटनेचा साक्षीदार मानू नये, सांगणाऱ्यांचा मानावा. मला हे पटतं. पटायला सोपं गेलं, कारण आजवर उदाहरणं दुसऱ्यांची होती.

इथल्या विद्यापीठाच्या संग्रहात आपल्या चरित्राची दोन ध्वनिमुद्रणं सापडली. एक फार जुनं, मेणाच्या नळ्यांवरचं. रस्त्याच्या कामावर आलेल्या एका हौशी अभियंत्याने भर सभेत केलेलं. दुसरं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रेडिओने केलेलं. आपली छापील प्रत त्या दुसऱ्यावरूनच उतरवली आहे. दोन्ही मी शब्दाला शब्द लावून पाहिली. जवळजवळ सगळं जुळतं, इतकं की गाइडबाईंनीही ते पुन्हा तपासून पाहिलं. एक जागा सोडून.

आपण म्हणतो, ‘त्याने दार वाजवलं. आतून दिवा आला. गावाने त्याला आत घेतलं. सकाळ झाली, तसा तो उंबऱ्यावरून बोलू लागला.’ जुन्या मुद्रणात असं आहे: ‘त्याने दार वाजवलं. आत कुजबुज झाली, आणि एकेक करून दिवे मालवले गेले. रात्रभर तो तापात उंबऱ्यावर बसला. सकाळ झाली, तसा तो उंबऱ्यावरून बोलू लागला.’

आत्या, वेशीच्या कमानीवर दिवा आहे. शाळेच्या बिल्ल्यावर दिवा आहे. तुझ्या दुकानाच्या पाटीवरही आहे. आणि मला आता असं लिहावं लागणार की हा दिवा दोन मुद्रणांच्या मधल्या काळात कधीतरी लावला गेला, गावाला स्वतःची लाज वाटली म्हणून. सभेने तो मुकाट्याने स्वीकारला. रेडिओच्या मुद्रणात त्या जागी एकही हात ऐकू येत नाही. म्हणजे आपल्या घरचा हात त्याच्याही नंतरचा, आणि तो मान म्हणूनच सुरू झाला असणार. प्रकरण तसं लिहूनही झालं आहे. ते आमच्या संशोधनपत्रिकेच्या हिवाळ्याच्या अंकात येईल. नेमका तुझ्या सभेच्या सुमाराला.

मी काय करू ते सांग. रागावलीस तरी पत्र लिही. तुझा राग चालेल, तुझं मौन नको.

तुझी
टिटवी


२७ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अ. आ.

रागावले होते. म्हणून आठ दिवसांनी लिहिते आहे. मधल्या काळात एका गिऱ्हाइकाला चुकीच्या ताकदीच्या गोळ्या देता देता वाचले, तेव्हा ठरवलं की राग काढून टाकलेला बरा.

दिवे मालवले गेले, या वाक्याबद्दल मी आत्ता काही म्हणत नाही. ते मला अजून गिळायचं आहे. पण तुझी दुसरी गोष्ट मला मान्य नाही. रेडिओच्या मुद्रणात हात नाही, असं तू कशाच्या जोरावर लिहितेस? रेडिओवाले आले तेव्हा माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, मागच्या बाकावर होती. माझ्या आईने हे मला कितीदा सांगितलं आहे. मोठमोठी यंत्रं आली होती, सगळे नवे कपडे घालून बसले होते, आणि त्यातही आजीने हात ठेवला. सांगणारा थांबला, इकडे तिकडे बघितलं, आणि तिच्या हातावरून तसाच पुढे गेला. एका हाताला ओलांडून जाण्याची ती पहिली वेळ नव्हती, पण त्या दिवशी बाहेरची माणसं होती म्हणून तिला ते फार लागलं.

आजी गोणपाटाच्या पिशव्या शिवायची. अंगुस्तान तिच्या बोटात इतकं मुरलं होतं की जेवतानाही काढायची नाही. तिचा हात पडला की आधी टक् असा धातूचा आवाज आणि मग तळहाताचा. मागच्या बाकाच्या फळीवर तो खड्डा अजून आहे, तू त्यात चिंचोके ठेवायचीस. मी तिच्या मांडीवर बसून हात ठेवायला शिकले. का ठेवायचा, हे विचारलं की ती म्हणायची, हात ठेव आणि तोंड बंद ठेव. मी मान समजले. सगळ्यांनी तेच समजून घेतलं. त्या थांबलेल्या श्वासालाही लोक थोरल्यांच्या तापासाठी पाळलेली शांतता म्हणतात.

पण तुझं पत्र वाचल्यापासून मी तो नियम पुन्हा पुन्हा म्हणते आहे. शब्द सांगायचा नाही. तुझी पणजी नियमाला किती पक्की होती ते तुला कल्पनेनेही कळणार नाही.

तेव्हा आधी तो आवाज शोध. नाही सापडला तर तुझं बरोबर. मी तसं कबूल करीन. लहान असताना मीही एक प्रश्न विचारला होता, की रात्री ज्याला आत घेतलं तो सकाळी परत उंबऱ्यावर कशाला जाऊन बसेल. त्यावर मला बाकावरून उठवून बाहेर उभं केलं होतं. ते आता आठवलं.

स्वेटर पाठवते आहे. रंग तुझ्या बाबाने निवडला, तक्रार त्याच्याकडे कर. माया तशीच आहे, फक्त थोडी ताठ.

तुझी
आत्या


१२ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. बसच्या सीटचा रंग आहे. बाबांना सांग, आवडला.

आवाज सापडला.

झालं असं की मी इतके महिने ज्या प्रती ऐकत होते त्या साफ केलेल्या प्रती होत्या. इथला तंत्रज्ञ फार नेटका माणूस आहे. जुन्या मुद्रणातली खरखर, टकटक, ठोके, सगळं तो काढून टाकतो, म्हणजे शब्द स्वच्छ ऐकू येतात. मी त्याला आपल्या सभेत फळीवर हात आपटतात हे कधी सांगितलंच नव्हतं. मला सुचलंच नाही. त्याने प्रामाणिकपणे सभेचे सगळे हात पुसून टाकले होते, आणि मी त्या पुसलेल्या जागेवर लिहून मोकळी झाले की सभा मुकाट बसली. आपल्या सभेत वाढलेल्या मुलीने करावी अशीच ही चूक आहे. ज्या गोष्टी श्वासासारख्या असतात त्या सांगायच्या राहून जातात.

मूळ तबकडी मागून घेतली. ‘आतून दिवा आला.’ टक्. मग तळहात. मग एक लांब थांबा, त्यात कुणीतरी खोकतं. मग सांगणारा पुढे जातो. पुढच्या वाक्यावर पुन्हा टक्. आत्या, तिने दोनदा ठेवला होता. दुसऱ्यांदा जोरात. मी ते इतक्या वेळा ऐकलं की तंत्रज्ञाने मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मी त्याला म्हटलं, ही माझी पणजी. तो म्हणाला की तो आवाज त्याने सुईचा दोष समजून काढला होता, आणि मग आपल्या पणजीची माफी मागावी तशी त्याने माझी माफी मागितली.

मेणाच्या नळ्यांचीही न पुसलेली प्रत ऐकली. तिथे सांगणारा दोन ठिकाणी अडखळतो, आणि दोन्ही वेळा हात पडतात, भरपूर. म्हणजे त्या यंत्राला हात ऐकू येत होते. दाराच्या प्रसंगाला मात्र एकही नाही. दिवे मालवले गेले असं तो म्हणतो आणि अख्खी सभा हात मांडीवर ठेवून ऐकते. तेव्हा ते वाक्य सगळ्यांचं होतं.

गाइडबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, एका अंगुस्तानावर प्रकरण उभं राहत नाही. मी म्हटलं की माझं पहिलं प्रकरण एका पुसलेल्या अंगुस्तानावर उभं होतंच. त्या हसल्या, आणि चहा मागवला, म्हणजे वाद मान्य. पण त्यांनी एक गोष्ट बजावली आणि ती बरोबर आहे. थोरल्यांच्या त्या रात्री खरं काय झालं, हे जुन्या मुद्रणावरूनही कळत नाही. मला एवढंच म्हणता येतं की जी गोष्ट आपल्याच पूर्वजांना मान खाली घालायला लावते, ती त्यांनी कित्येक पिढ्या न बदलता सांगितली. गटाला सोयीचं तेवढंच गट आठवतो, असं म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं. आणि जेव्हा बदललं, तेव्हा एका घराने शब्द हरवले तरी हरकत सोडली नाही. ग्रंथाचा भरवसा फक्त शब्दांत शोधायचा नसतो, असं काहीसं मी लिहिते आहे. वाक्य अजून नीट बसलेलं नाही.

एक विचारते. प्रकरण मागे घेऊ का? संपादक एक वर्ष थांबायला तयार आहेत. तुझी पहिली सभा शांतपणे होऊ दे.

तुझी, यावेळी जरा जास्तच तुझी,
टिटवी


३० सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. आ.

मागे काही घ्यायचं नाही. आपल्या घरात हात ठेवून मग काढून घेण्याची पद्धत नाही.

तुझं पत्र मी तुझ्या बाबाला वाचून दाखवलं. पणजीने दोनदा हात ठेवला, या जागी त्याने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग उठून सभागृहात गेला. किल्ली आणायला आधी रखवालदाराच्या घरी जावं लागतं, तिथेही गेला. परत आला तेव्हा म्हणाला की खड्डे दोन आहेत, शेजारी शेजारी, आपण आजवर एकच मोठा समजत होतो.

आता दिव्याचं सांगते. तू लिहिलंस की गावाला लाज वाटली म्हणून दिवा लावला. ते मला खटकत होतं. लाज वाटलेली माणसं गप्प बसतात, कमानी उभारत नाहीत. म्हणून मी दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायला लागले. रक्तदाबाच्या गोळ्या बांधता बांधता माणसं पुष्कळ बोलतात. निम्म्यांनी मला छापील प्रतच म्हणून दाखवली. शेवटी बेकरीवाल्या आजी बोलल्या. त्या मूळच्या इथल्या नाहीत, हे तुला माहीत नसेल, मलाही नव्हतं. त्या लहान असताना नदी फिरली आणि खालची गावं वाहून गेली. त्यांचे वडील त्यांना खांद्यावर घेऊन अंधारात चालत इथे आले. पहिल्या दाराशी थांबले आणि वाजवलं. मी विचारलं, मग. त्या म्हणाल्या, आतून दिवा आला.

अगदी त्याच शब्दांत, टिटवे. मी विचारलं की हे चरित्रातलं आहे का. त्या म्हणाल्या, चरित्रात नंतर आलं, आमच्या बाबतीत आधी झालं. तो हिवाळा अख्खा गाव दारं उघडी टाकून होता. सभागृहात माणसं झोपत होती, बाकांवर, बाकांखाली. पुढच्या वर्षीच्या सभेत ती आलेली माणसंही बसली होती, आणि त्या वेळच्या सांगणाऱ्याला त्यांच्या तोंडावर दिवे मालवले गेले असं म्हणवेना. त्याने दिवा आणला. सगळ्यांना तो आपलाच वाटला, कारण तो होताच आपला. रेडिओवाले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आले.

तेव्हा तुझ्या प्रकरणात एवढं दुरुस्त कर. दिवा खोटा नाही. तो चुकीच्या रात्री ठेवला आहे. मला तर वाटतं दिव्याचा मोठेपणा त्याने कमी झाला. आधीपासूनच चांगल्या असलेल्या माणसांनी दार उघडलं, यात काय विशेष. ज्यांच्या आज्यापणज्यांनी दिवे मालवले होते आणि जे दरवर्षी ते ऐकत होते, त्यांनी उघडलं, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. तुझ्या पणजीच्या मनातही हेच असेल असं मला वाटतं. पण वाटण्यावर प्रकरण लिहिता येत नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकले. बेकरीवाल्या आजी एवढं मात्र म्हणाल्या की त्या हिवाळ्यात मागच्या बाकावर त्यांच्यासाठी गोणपाटाचं अंथरूण घातलेलं असायचं.

मी ठरवलं आहे. सभेत मी जुने शब्द सांगणार.

अध्यक्षांना न सांगता करणं बरं नाही, म्हणून त्यांच्या दवाखान्यात गेले. दाढ भरायची होतीच. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस आणि नळी घातली, आणि मग युक्तिवाद सुरू केला. छापील प्रत आहे, मुलं तीच पाठ करतात, एका जुन्या नळीसाठी गावाच्या तोंडाला काळं फासायचं का, असं बरंच. मला फक्त हं म्हणता येत होतं. कापूस काढल्यावर मी म्हटलं की तुमच्या आजोबांनीच दिवा आणला, चांगल्या मनाने आणला, आणि माझ्या आजीच्या हातावरून पुढे गेले. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले की समितीत ठराव आणून ते मला खुर्चीवरून उठवणार नाहीत, ते त्यांना शोभणार नाही. पण सभेत त्यांचा हात पडेल, आणि तिसऱ्यांदाही तो तिथेच असेल. मी म्हटलं, त्यासाठीच हात असतो. दाढ छान भरली आहे.

हिवाळ्यात इकडे यायचं नाही. तुझा चेहरा समोर दिसला तर माझा आवाज हलेल. तिथूनच पाठीशी राहा.

तुझी
आत्या


११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्रकरण पुन्हा लिहिलं. गाइडबाईंनी शेवटच्या पानावर फक्त एक टिक केली आहे, त्यांच्याकडून ही मोठी गोष्ट. दिवा चुकीच्या रात्री ठेवला आहे, हे वाक्य मी तुझ्या नावाने घातलं. तुझा व्यवसाय औषधविक्रेती आणि चरित्र सांगणारी असा लिहिला आहे.

तो दुसरा शब्द पुसावा लागू नये म्हणून हे लिहिते. आत्या, तू जन्मभर या खुर्चीची वाट पाहिलीस. दुकान बंद करून शटरच्या आत उभी राहून पाठ म्हणायचीस, मी गोण्यांवर बसून ऐकायचे. या वर्षी छापलेलंच सांग. प्रकरण येऊ दे, लोक वाचतील, भांडतील, सवय होईल. मग पुढच्या वर्षी जुने शब्द सांग. सत्य इतकी वर्षं थांबलं, आणखी एक थांबेल.

हे लिहिताना मला कळतं आहे की तू काय म्हणशील. तरी लिहिलं. भित्र्या भाचीवर माया पातळ करू नकोस.

तुझी
टिटवी


१८ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. आ.

सत्य थांबेल. बेकरीवाल्या आजी थांबतील याची खात्री नाही. त्यांच्या गोळ्या मीच बांधते.

आणि एक सांगते, मग हा विषय बंद. मी खुर्चीत बसून ‘आतून दिवा आला’ म्हणायचं, आणि मागून माझ्याच घरचा हात पडायचा, आणि मी तो ओलांडून पुढे जायचं? तसं करून मिळणारी खुर्ची मला बसायला टोचेल.

भित्री नाहीस. गोण्यांवर बसून माझ्या चुका काढायचीस.

तुझी
आत्या


६ डिसेंबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. आत्याने सांगितलं की तू लिही, मी लिहिलं तर मीठमसाला लागेल. म्हणून लिहितो.

सभागृह भरलं होतं. तुझं प्रकरण आठवडाभर आधी आलं होतं आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांनाही ते पाठ होतं. मी मागच्या बाकावर नेहमीच्या जागी बसलो. शेजारची जागा रिकामी, कारण इतकी वर्षं तिथे आत्या बसायची. डॉक्टर पुढच्या रांगेत. बेकरीवाल्या आजींना त्यांच्या नातवाने धरून आणलं होतं.

धाकटीने, म्हणजे तुझ्या आत्याने, सुरुवात चांगली केली. कुठे अडखळली नाही. बस घाटात घालावी तशी एकाच वेगात चालली होती. दाराचा प्रसंग आला. तिने तुझे ते जुने शब्द म्हटले. आत कुजबुज झाली, आणि एकेक करून दिवे मालवले गेले.

हात पडले. मी इतके हात कधी ऐकले नव्हते. खिडकीची काच वाजली. ती थांबली, मागे गेली, आणि तेच म्हणाली. पुन्हा हात. पण या वेळी सगळे नाहीत. बेकरीवाल्या आजींनी फळीवर ठेवलेला हात उचलला आणि मांडीवर घेतला. त्यांना वेळ लागला, सांधे दुखतात. सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्यानंतर पुरात आलेल्या घरांचे हात उठले, मग त्यांच्या शेजारच्यांचे. कुणी काही बोललं नाही, नियमच आहे.

तिसऱ्यांदा तिने म्हटलं. आवाज हलला नाही, हे तुला मुद्दाम लिहितो. हात उठत गेले. शेवटी एकच राहिला, डॉक्टरांचा. त्यांनी सांगितलंच होतं.

एका हातावरून पुढे जाता येतं, हे या सभेने आपल्या घराला चांगलं शिकवलं आहे. धाकटीने तसं केलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. माझ्या मनात आलं की आता ती जाईल. ती गेली नाही. खुर्चीही सोडली नाही. डॉक्टरांकडे बघत थांबून राहिली. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही. हीटर बंद पडला तरी कुणी उठलं नाही.

मग डॉक्टर वळले. लहानपणापासून या जागी मागून हात ऐकायची त्यांना सवय, माझ्याएवढेच आहेत ते. त्यांनी मागच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. मला आधी कळलं नाही काय बघतात. मग मी खाली पाहिलं. माझा हात मांडीवर होता. तिन्ही वेळा तो तिथेच होता. मी ठरवून ठेवला नव्हता. माझ्या वडिलांचा, आजीचा, सगळ्यांचा हात त्या जागी पडला, आणि माझ्या वेळी पहिल्यांदाच पडला नाही.

डॉक्टरांनीही तोच पाहिला. मग पुढे वळले आणि त्यांनी हात उचलला.

धाकटीने श्वास घेतला आणि पुढे म्हणाली की रात्रभर तो तापात उंबऱ्यावर बसला, सकाळ झाली तसा तो उंबऱ्यावरून बोलू लागला. बेकरीवाल्या आजी रडत होत्या. बाकी सभा नीट पार पडली. नंतर दोन ठिकाणी ती चुकली आणि लोकांनी हात ठेवले, नेहमीसारखे.

बाहेर पडताना डॉक्टर माझ्याजवळ थांबले. कमानीवरच्या दिव्याखाली पुराचं साल कोरायला हवं, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. त्यांनी आत्याच्या दाढेची चौकशी केली.

आत्या ठीक आहे. आज दुकान उघडायला उशीर केला, तो तिच्या जन्मातला पहिला. पाटीवरचा दिवा स्टुलावर चढून पुसत होती.

तुझं प्रकरण मी वाचलं. अर्धं कळलं. जे कळलं त्याचा मला अभिमान वाटला, हे लिहून टाकतो, कारण समोर आलीस की मी विसरेन. सुट्टीत ये. प्रबंध घेऊन ये आणि मागच्या बाकावर बसून मोठ्याने वाच. मी शेजारी बसेन. जिथे चुकशील तिथे हात ठेवीन. तो आता रिकामाच आहे.

तुझा
बाबा